नातसुनेने भरलेली डिकी

दूध गॅसवर ठेवून विसरणाऱ्या बायांनो, म्हातारीला तरी ओळखलं का? मी बोलून राहिले, नातसून मोबाइलवर लिहून राहिली.

नातू-नातसुनेला फिरायचा लई नाद. आज त्यांनी मला नांदेडहून माहेरी, उदगीरला न्यायचा बेत केला. उदगीरचा नवा जिल्हा होणार म्हणतात, पण नळाला पाणी न्हाई. मी म्हणलं, "दुष्काळात पाहुणं म्हणून जाऊन भावाच्या घागरीतलं प्यायचं का?"

नातसून म्हणाली, "आजी, तुम्ही बसा तर गाडीत."

माहेरी डिकी उघडली, तर बॅगांच्या जागी पाण्याचे कॅन! भावजय म्हणाली, "वन्सं, पाहुणे लई पाहिले. पाणी घेऊन येणारे तुमचेच."

माझी मान ताठ झाली. तुम्ही सहलीला जाताना काय भरता गं?

अन् हे वाचून माझ्या भावाकडं काही पाठवावं वाटलं तर धपाटे अन् लाडू पाठवा. डाळ-तांदूळ नको, शिजवायला पाणी लागतं.