एकवीस किलोमीटरचा साळा

जगात बैलासारखी राबणारी माणसं पुष्कळ आहेत, बैलासारखी खाणारी त्याहून जास्त. पण आपण बैलच आहोत असं मनापासून धरून त्याप्रमाणे चालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि देवानं तो नेमका माझा साळा करून पाठवला. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं गाव सावली गावाकडच्या रस्त्यावर, आमच्यापासून दोन गावं सोडून. माझ्या सासऱ्याकडे पटाची बैलजोडी असायची. बैलांच्या शर्यतीला आमच्याकडे पट म्हणतात. जोडी सुटली की डोळ्याची पापणी लवेपर्यंत खेळ संपतो आणि त्याच्यावर माणसं वर्षभर बोलत बसतात. सासरा गेल्यावर जोडी याच्या वाट्याला आली. मग मध्ये काही वर्षं पट बंद झाले आणि गोठ्यातले बैल उभ्याउभ्या म्हातारे झाले. दुसरा कोणी असता तर दारू धरली असती, नाहीतर राजकारण. यानं एका सकाळी लुंगी खोचली आणि सडकेवर पळायला लागला. वय पन्नाशीच्या पलीकडे. मी विचारलं तर म्हणाला, "बैल पळवू देत नाई तं मीच पळतो भाऊजी. माह्यावर कोण बंदी आणते पाहू."

पळणं शिकायला तो कोणाकडे गेला नाही. बैलाला जे लागतं ते माणसाला लागतं, हे त्याचं सगळं शास्त्र. म्हणून भिजवलेले चणे, उडदाचं पीठ, तुपात फोडलेली अंडी असा खुराक सुरू झाला. एकदा तर त्यानं गोठ्यातल्या पोत्यातून जवसाची ढेप, म्हणजे पेंड, काढून गुळाबरोबर खाल्ली आणि दोन दिवस परसाकडेच मुक्काम केला. माझ्या बायकोनं त्याला उभं-आडवं धुतलं. "अरे गाढवा, उद्या दावं घेऊन येऊ काय तुह्यासाठी?" तर हा पोट धरून म्हणतो, "गाढव नाई बाई, बैल." अंगाला टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल चोळायचा. त्या वासानं एसटीत त्याच्या शेजारची जागा मूल गावापासून गडचिरोलीपर्यंत रिकामी राहायची. त्याच्या मुलीनं नागपूरहून पळायचे बूट पाठवले, त्यांना तो नाल म्हणायचा. "थांबा भाऊजी, नाल ठोकून येतो," म्हणत लेस बांधत बसायचा. आमच्या भागात पहाटेच्या सडकेवर एकटं निघणं म्हणजे वाघाच्या घरातून जाणं. त्यावर त्याचा उपाय म्हणजे बैलाच्या गळ्यातली घंटी कमरेला. "वाघाले सांगून गेलं का तो काही म्हणत नाई." वाघानं खरंच कधी काही म्हटलं नाही. लोकांनी मात्र पुष्कळ म्हटलं.

त्याच्या रोजच्या पळण्याचा शेवट माझ्या घरात व्हायचा. घंटी ऐकू आली की बायको चुलीवर चहा चढवायची. तो यायचा, सरळ चुलीपाशी जाऊन बसायचा, आणि बहीणभाऊ मोठमोठ्यानं बोलत राहायचे. मी ओसरीवर बसून ऐकायचो. त्या बोलण्यात ऐकण्यासारखं काही नसायचं, पण घर भरलेलं असायचं.

दुसरी एक खोड म्हणजे शर्ती घालण्याची. गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला तेव्हा यानं जाहीर केलं, नवा बसल्याशिवाय दाढी करणार नाही. विजेच्या खात्याला याच्या दाढीची काय पडली होती? दाढी छातीपर्यंत आली. शेवटी ट्रान्सफॉर्मर घेऊन आलेल्या लाइनमननं याला महाराज समजून पाया पडून घेतलं, आणि यानं त्याला आशीर्वादही दिला. गावातल्या लोकांना अजून वाटतं की लाइट त्याच आशीर्वादावर टिकून आहे.

जिल्ह्याच्या गावी, गडचिरोलीला, एकवीस किलोमीटरची दौड असते हे कळल्यावर तो पहिल्यांदा तिथं गेला तेव्हाची गोष्ट आमच्याकडे पोरंसोरंही सांगतात. पटाचा बैल सुटतो तसा हा सुटला. कॉलेजची पोरं, भरतीची तयारी करणारी पोरं, सगळ्यांना मागे टाकून नेहमीच्या लुंगीत आणि टोरीच्या वासात सर्वांच्या पुढे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पटातला बैल झेंड्यापाशी थांबतो, इथं झेंडा एकवीस किलोमीटर लांब होता, हे त्याच्या लक्षात यायला थोडा उशीर झाला. पहिल्या पाण्याच्या टेबलापुढे तो एका मोहाच्या झाडाखाली बसला तो उठलाच नाही. दवाखान्याच्या गाडीतून ग्लुकोज पीत, खिडकीतून हात हलवत परत आला. दुसऱ्या वर्षीही तेच, फक्त झाड थोडं लांबचं. माझी बायको हसून हसून डोळे पुसायची आणि म्हणायची, "माह्या भावाले कोणी हरवत नाई, तो मधातच बसते."

ती उन्हाळ्याच्या शेवटी गेली. आजार मोठा नव्हता, पण गेली. यापुढे त्यावर काही लिहीत नाही.

पावसाळ्यात साळा तसाही पळत नाही. पटाच्या बैलाला रोवण्याच्या दिवसांत कोणी पळवत नाही, म्हणून हाही धानाच्या चिखलात राबायचा आणि पोळा झाला की दुसऱ्या दिवशी नाल ठोकायचा. या वर्षी पोळा गेला. घंटी आली नाही. गणपती गेले. मी पहाटे उठून बसायचो, सवय होती म्हणून. सडकेवरून दूधवाला जायचा, शाळेची गाडी जायची. दसऱ्याला सोनं द्यायच्या निमित्तानं मीच त्याच्या गावी गेलो. हा आंगणात खाटेवर बसलेला. बूट छपरात खोचलेले, त्यात कोंबडी अंडी घालत होती.

"काऊन गा, बैल उठला नाई अजून?" मी म्हटलं.

"मन नाई होत भाऊजी."

"मनाचं राहू दे. पोट पाह्य. पुढच्या महिन्यात बारसं करा लागते का काय?"

त्याची बायको आतून हसली. तो नाही हसला. आपट्याचं पान बोटात फिरवत राहिला.

"पळून येऊ कुठी?" तो म्हणाला. "रोज बाईच्या चुलीपाशी येत होतो. आता चूल हाये, बाई नाई. त्या घरात शिराले मले निमित्त सापडून नाई राह्यलं."

"घर मायं आहे. मी मेलो काय?"

"तुमी ओसरीवरचे. मी आतला," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. मग एकदम ताठ झाला. "शर्त घालतो. या वर्षी एकवीसचे एकवीस पुरे करीन, तवाच तुमच्या घरात पाय टाकीन. नाई झाले तं नाई."

"लेकाच्या, शर्त घालाले मायंच घर भेटलं? माया घरानं कोणाचं घोडं मारलं?"

पण घातलेली शर्त तो मागे घेत नाही. दाढी मी पाहिली होती. उरलेल्या आयुष्यात माझ्या घरी येऊन तिचं नाव घेणारा हा एकच माणूस, आणि त्यानं स्वतःच दारात बाभळीची काटी टाकून ठेवली. आता त्याचं पळणं पुरं झालं नाही तर ते दार बंदच, हे मला परत येताना बसमध्ये कळलं, आणि मला त्याचा इतका राग आला की मी उतरायचं गाव चुकलो.

दोन दिवसांनी पहाटे सडकेवरून हाक. "भाऊजी, निघा." मी बाहेर गेलो तर हा फाटकाच्या बाहेर उभा, पाय आत नाही. म्हणाला, बरेच दिवस बसून राहिलेल्या बैलाला मागून हाकलत नाहीत, त्याच्या पुढे माणूस चालावा लागतो. बैल माणसाच्या पाठीकडे पाहत आपोआप पाय काढतो. मी म्हटलं, माझे गुडघे गेलेले. म्हणाला, "तुमाले पळाचं नाई. तुमी निसते मोर चाला." मग मी लोटाभर चहा केला, तो त्यानं सडकेवर उभ्यानं प्याला. गल्लीतल्या बायका विचारायला लागल्या, साळ्या-भाटव्याचं भांडण झालं काय म्हणून. मी म्हटलं, झालं, आणि ते रोज पहाटे होणार आहे.

आधी तो माझ्या मागे चालायचा आणि भात्यासारखा फुसफुसायचा. धान कापणीला आलं तोवर माझ्या पुढे जायला लागला. नाल्याच्या पुलापर्यंत पळून परत मला घ्यायला यायचा. एकदा गुडघा सुजला, एकदा मोहाखालच्या अस्वलाच्या खुणा पाहून आम्ही दोघंही अर्ध्यातून परतलो, आणि त्या दिवशी मात्र पुढे मी होतो, चांगला पुढे. मला रात्री झोप लागायला लागली होती. त्याला मी ते सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही, पण हाक मारायला एक दिवस चुकला नाही.

दौडीच्या दिवशी आम्ही पहिल्या एसटीनं गडचिरोलीला गेलो. धुक्यात पोरं जागच्या जागी उड्या मारत होती, आणि त्यांना पाहून याच्या नाकपुड्या फुलायला लागल्या. मी ओळखलं, हा आजही सुटणार. मी त्याची बनियन मागून धरली.

"ऐक. आज पट नाई. आज नांगर आहे."

"म्हंजे?"

"नांगराचा बैल धावते काय? सकाळपासून दुपारपर्यंत एकाच पावलानं चालते. धुऱ्यावर, बांधावर आला का दम घेते, वळते, पुन्हा चालते. पाण्याचं टेबल आलं का तो धुरा समज. पहिल्याच फेरीत मेलास तं वावर कोण नांगरन?"

तो माझ्याकडे वळला. "हे आधी काऊन नाई सांगतलं?"

"तू पटाचा म्हणून मिरवत होता."

दौड सुटली. सगळे गेले, आणि हा सगळ्यांच्या मागून, मान खाली घालून, धानाच्या ओल्या बांधीत जू घेऊन चालावं तसा निघाला. पोरं याच्यावर हसली. मी मांडवाजवळ एक खुर्ची धरून बसलो. तीन तासांची मुदत होती. जिंकलेले आले, पोलीस आले, शाळेच्या पोरी आल्या, एक पेन्शनर मास्तर आला. मग बराच वेळ कोणी नाही. पोरं पताका सोडायला लागली. मी उठून त्यांच्याकडे गेलो.

"थांबा बाप्पा, एक बैल यायचा आहे."

"कोणाचा बैल, काका?"

"माया."

तो वळणावर दिसला तेव्हा त्याच्या पायात काही उरलं नव्हतं, पण पाऊल तेच होतं, सकाळचं. मुदत संपायला थोडी मिनिटं असतील. कमानीखालून गेला आणि थांबलाच नाही, तसाच बस स्टँडच्या दिशेनं निघाला. एक पोरगी पदक घेऊन त्याच्या मागे धावली. मी ओरडलो तेव्हा उभा राहिला. "कोणी थांब म्हणालं नाई," म्हणाला, आणि रस्त्यातच बसला.

परतीच्या बसमध्ये तो झोपला. त्याच्या गावचा फाटा मागे गेला, मी उठवलं नाही. माझ्या गावी उतरलो. त्यानं बाहेर पाय धुतले, बराच वेळ धुतले, आणि आत आला. सरळ चुलीपाशी जाऊन बसला. मी भात टाकला. तो भिंतीकडे, तिच्या डब्यांकडे पाहत होता. मी म्हटलं, ती असती तर आज कोणाला तोंड दाखवू दिलं नसतं, गावभर सांगत फिरली असती.

"हसली असती," तो म्हणाला. "तीन तास लागते काय म्हनून. भाऊजी, बाई माह्यापेक्षा जोरानं पळे. तुमाले नाई माहीत?"

मला माहीत नव्हतं.

"लहानपणी नदीच्या रेतीवर आमी शर्यत लावू. मी कधी तिले गाठलंच नाई. झगा वर खोचून अशी जाये का पाहत राहा. वैनगंगेच्या पाण्यापर्यंत जाऊन मांग वळे अन् म्हणे, ये गा, ये हळूहळू."

एवढा संसार झाला, पण मी तिला कधी पळताना पाहिलं नव्हतं. माझ्या घरात ती चालायची, तेही पाणी सांडू नये अशी. भात शिजत होता आणि तो सांगत होता, रेती कशी गरम असायची, ती कोणत्या बाजूनं निघायची, वेणी पाठीवर कशी आपटायची. मी त्याला मध्ये थांबवलं नाही. म्हटलं, पुन्हा सांग, सुरुवातीपासून, सावकाश.