दहापासून उलटे अंक

माझी जीभ तिखट, हे घरचेही सांगतील. ऑनलाइन वर्ग घ्यायला लागले तेव्हा पडद्यावर बेचाळीस नावं आणि पलीकडे जिवंत माणूस एकही नाही, याचा मला संताप यायचा. "झोपाच काढायच्या तर पदवी कशाला हवी रे?" असं विचारून पाहिलं, ढिम्म कुणी हललं नाही. मग मी युक्ती काढली. अवचित कुणाचाही रोल नंबर पुकारायचा, प्रश्न टाकायचा आणि दहापासून उलटे अंक मोजायचे. शून्याच्या आत उत्तर नाही, तर गैरहजर. हजेरी कमी पडली की परीक्षेला बसता येत नाही, त्यामुळे सगळे ताळ्यावर आले. कासारवाडीच्या घरात बसून मी स्वतःवर भलतीच खूश होते.

त्या दुपारी मी सतरा नंबर पुकारला. लातूरकडची मुलगी, इथल्या कारखान्यांच्या पट्ट्यात निघोज्याला खोली करून राहते, एवढंच मला ठाऊक. तिचा माइक सुरू झाला आणि धाड, धाड असा आवाज घरभर घुमला.

"मॅडम, एक मिनिट, मशीनवर..."

कंपनीत कामावर उभी राहून वर्गात बसते! माझं डोकंच सणकलं. "कारणं नकोत. दहा, नऊ, आठ..."

तीनपाशी ती किंचाळली. फोन आपटला, कुणीतरी ओरडलं, "मशीन बंद कर! हाथ देख उसका, हाथ!" आणि तिचं नाव पडद्यावरून गेलं.

मी वर्ग तिथेच बंद केला. तिला फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. तो धाड, धाड आवाज प्रेसचाच; पत्रा दाबणारी प्रेस बोटांचं काय करते, हे इकडे कुणाला सांगावं लागत नाही. आमच्या किराणावाल्याच्या उजव्या हाताला दोनच बोटं आहेत. देवा, तिचा हात राहू दे, एवढंच म्हणत मी येरझाऱ्या घालत होते. चहा केला तो तसाच राहिला.

संध्याकाळी तिचाच फोन आला.

"मॅडम, मी बोलायले. हात हाये जागेवर. स्कार्फच्या आत हेडफोन होता, तुमच्या अंकाकडं ध्यान गेलं. शेजारच्या ताईनं मागं ओढलं. हातमोज्याचं टोक तेवढं गेलं."

मला रडूच कोसळलं. "बाई गं, चुकले मी," म्हणाले.

माझ्या रडण्याकडे तिचं लक्षच नव्हतं. अजून घाबरलेलीच होती ती.

"मॅडम, तुम्ही तीनवरच थांबलात ना? मंग माझी गैरहजेरी नाही ना लावली?"