बुडख्यांची बैठक

सुताराच्या घरात ढलप्या आणि गोष्टी, दोन्ही झाडून संपत नाहीत. सकाळी केर काढावा, दुपारी पुन्हा पायाखाली! माझ्या या गोष्टी आगबोटीच्या काळातल्या, रत्नागिरीतल्या आमच्या पडवीतल्या. कुणी म्हणेल, म्हातारी वाढवून सांगते. म्हणू दे. रंधा माझ्या हातात होता, त्याच्या नव्हता.

*

नवरा मुंबईच्या गोदीत वारला आणि मी माहेरी आले. त्याच वर्षी बाबांचा उजवा हात लुळा पडला. घरात मुलगा नाही. बाबांचे चुलतभाऊ, माझे काका, म्हणाले, "दसऱ्याला हत्यारं मी घेऊन जातो. बायकांच्या घरात करवत कशाला, नारळ फोडायला?"

मी म्हटलं, "मी चालवीन."

काका हसले. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "हिनं केलेली एक तिवई दसऱ्यापर्यंत न तडकता उभी राहिली, तर हत्यारं हितंच. नायतर ने."

शिकवलं मात्र काडीचं नाही! शिकले ती डोळ्यांनी.

*

वखारवाला बाईमाणसाला फळी दाखवीना. मग मी मिरकरवाड्याला गेले. तिथं हसनमियाँ होड्या बांधायचे. ओंडक्याचा बुंध्याकडचा तुकडा, परातीएवढा रुंद आणि हातभर लांब, त्यांच्या कामाचा नसे. त्याला म्हणायचं बुडखा.

"चुलीला नेतेस, बाय?"

"नाय. बसायला."

त्यांनी बुडखा पायानं माझ्याकडे ढकलला. मग म्हणाले, "ने बाय ने! होडीला लांबी लागते. नुसती रुंदी काय, म्हशीलाही असते!"

फणसाचा बुडखा डोक्यावर घेऊन मी पुळणीच्या वाळूतून परत यायची. त्याचा ओला, पिवळा वास नाकात बसलेला. वाटायचं, आख्खं झाड माझ्यावर सावली धरून चाललंय.

*

बुडख्याच्या चार बोटं जाड चकत्या कापल्या आणि अंगणात उन्हात मांडल्या. रत्नागिरीच्या पोरीला वाळवण म्हणजे ऊन, एवढंच ठाऊक! आमच्याकडेच राहणारी आत्या बाहेर आली. गोल गोल, पिवळ्याधमक चकत्या बघून म्हणाली, "यंदा फणसपोळ्या जाड थापल्यास गो!"

"दात असले तर चावून बघ, आत्ये."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी टाण्, टाण् आवाज यायला लागले. बघते तर एकेक चकती गाभ्यापासून सालीपर्यंत तोंड उघडून बसलेली! आतून बाबा ओरडले, "हसतायत तुला! पोळी उन्हात, लाकूड सावलीत!"

उभ्या जन्मात त्यांनी मला दिलेला हा एकच धडा.

*

त्यातल्या त्यात कमी हसलेली एक चकती मी चार पायांवर उभी केली. सारवलेल्या जमिनीवर ती डुलायला लागली. आत्या तिच्यावर बसली आणि तिनं डोळेच मिटले. तिचा नवरा गलबतावर खलाशी होता. गेला तो आलाच नव्हता.

मी करवत घेऊन आले. "ऊठ आत्ये, पाय कापून सारखे करते."

"हात लावशील तर बघ! आत्ताशी जयगड आलंय!"

तेव्हापासून रोज दुपारी आत्या डुलत डुलत जायची. ती किनाऱ्याला लागेपर्यंत आम्ही तिला चहाला हाक मारत नसू.

*

दुसऱ्या खेपेच्या चकत्यांना शेणमाती लिंपली आणि माळ्यावर भाताच्या तुसात निजवल्या. सारा पावसाळा मी वर जाऊन त्यांच्याशेजारी पडायची. एका चकतीत झाडाच्या वयाची वळी अशी, की विहिरीत कुणी खडा टाकावा आणि पाणी तिथंच थांबावं. एका दुपारी तिच्यावर गाल टेकला आणि डोळा लागला.

"हत्यारं गंजतायत, आणि ही झोपलीय!" शिडीवर काकांचं डोकं!

"झोपले नव्हते. पाय कुठं लावू, ते लाकडाला विचारत होते."

"मग? काय म्हणालं लाकूड?"

"म्हणालं, काका गेल्यावर सांगेन."

काका गेले. मी त्या चकतीला तीन पाय लावले. तीन पाय कधी डुलत नाहीत. त्या दुपारी खाली आले तेव्हा आत्या माझ्या गालावर उमटलेली वळी बघून बराच वेळ हसत होती.

*

आमच्यात हत्यारांच्या धन्याला नावानं हाक मारत नाहीत. आलेल्यानं अंगणातूनच विचारायचं, "सुतार आहेत का घरात?" आणि बाबांनी आतून म्हणायचं, "आहे, ये."

दसऱ्याच्या आधी आठ दिवस कडकडीत ऊन पडलं होतं. आदल्या संध्याकाळी तिवई पडवीत ठेवली, आणि सकाळी तिच्याकडे बघायचा धीर होईना. मी कळशी घेतली आणि मागच्या दारानं विहिरीवर गेले.

तिथून सगळं ऐकू यायचं. बाबांच्या काठीचे ठोके पडवीपर्यंत आले. काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. मग कुणीतरी अंग सोडून बसल्याचा.

अंगणात वहाणा वाजल्या. हत्यारं न्यायला पोतं घेऊनच काका आले होते.

"सुतार आहेत का घरात?"

माडावर एक कावळा तेवढा बोलत होता.

मग बाबांचा आवाज आला. "सुतार विहिरीवर गेलेत. थांब, येतील."

मी आणखी दोन कळश्या शेंदल्या.