पुजलेली बॅट

खोबरेलाचा वास आला की मला पूर्णेतली ती खंडेनवमी आठवते. टेबल टेनिसमध्ये माझा सगळा भर चेंडूला जोरात फिरकी देऊन मारण्यावर, म्हणून मुद्दाम पुण्याहून चिकट रबर मागवून बॅटला लावलं होतं. संध्याकाळी रेल्वे कॉलनीतली फायनल होती. देवघरात डोकावलो. वडिलांच्या लोखंडी पान्याशेजारी माझी बॅट, तेलानं चकाकणारी, वर हळदीकुंकवाची बोटं! "आई, हे काय केलंस?" मी बॅट उचलून सदऱ्याला पुसायला लागलो. "तुझं हत्यार तेच हाय ना? मग तेल लावून पुजलं," आई शांतपणे म्हणाली. किती पुसलं, तरी चिकटपणा गेला तो गेलाच. फायनलला माझा चेंडू फिरेचना. शेवटी मारणं सोडून नुसती बॅट आडवी धरत गेलो, तर समोरच्याची फिरकीसुद्धा माझ्या रबरावर मरायला लागली. त्याचे फटके जाळीत जायलेत, तो डोळे फाडून माझ्याकडं बघायलाय आणि मी माझ्या बॅटीकडं! जिंकलो तेव्हा टाळ्यासुद्धा मला ऐकू आल्या नाहीत. आता नवं रबर घेताना दुकानदारानं "खेळ कसा?" विचारलं की मी "थोपवणारा" म्हणतो आणि गुळगुळीत रबर घेतो. आई दर खंडेनवमीला त्यालाही तेल लावते. मी पुसत नाही.