काकूंची उघडी खिडकी

काकूंना अर्धवट सांगणं ठाऊकच नव्हतं. नवऱ्याला डबा आणायला सांगायच्या तोही "स्वयंपाकघरातला, खालच्या फळीवरचा, निळ्या झाकणाचा" असा. नवरा म्हणायचा, "अगं, निळं झाकण घरात एकच आहे." काकू म्हणायच्या, "आज एकच आहे."

एका रुग्णालयाचे सर्व्हर सांभाळण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली, आणि तिथेही हाच खाक्या. सर्व्हरला हुकूम, म्हणजे कमांड, देणारं त्यांचं एक टूल होतं. कमांड कोणत्या सर्व्हरवर चालवायची, हे त्याला दोन तऱ्हांनी सांगता येई. एक तर सर्व्हरचं नाव एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे टूल आपणहून वाचतं अशा नोंदीत, एकदाच घालून ठेवायचं. मग कमांड टाइप करायची, टर्मिनलची, ती खिडकी बंद करेपर्यंत प्रत्येक कमांड मुकाट तिकडेच जाते. नाहीतर दर कमांडमागे दोन आडव्या रेघा देऊन फ्लॅग, म्हणजे जादा सूचनेचा शब्द, आणि पुढे सर्व्हरचं नाव लिहायचं. दोन्ही दिलं तर फ्लॅगचं चालतं. सगळं ऑफिस व्हेरिएबलवालं, काकू तेवढ्या फ्लॅगवाल्या. "आळसाला औषध नाही," म्हणायच्या, आणि खरं सांगायचं तर जरा तोऱ्यातच म्हणायच्या.

मग बाथरूममध्ये घसरल्या नि उजवं मनगट मोडलं. डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करताना जीव मेटाकुटीला आला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गपचूप व्हेरिएबलमध्ये खऱ्या, रुग्णांची माहिती असलेल्या सर्व्हरचं नाव घातलं, कारण सकाळची तपासणी त्याच्यावरच असते. जेवण झाल्यावर त्याच खिडकीत, दर गुरुवारसारखा, नवे बदल करून बघायचा चाचणीचा सर्व्हर पुसायला घेतला. फ्लॅग लिहिला एकच, "नक्की ना?" असं विचारू नकोस म्हणून सांगणारा. नाव लिहायचं राहिलं. टूलने न कुरकुरता खरा सर्व्हर पुसला.

रात्री काढलेली बॅकअपची प्रत होती म्हणून बाकी सगळं वाचलं. सकाळपासूनचे दोनशे बारा जणांचे रक्ताचे रिपोर्ट मात्र गेले. प्रयोगशाळेतल्यांनी कपाळाला हात लावला आणि फ्रिजमधले नमुने पुन्हा बाहेर काढले.

लॉगमध्ये कमांड होती, माणूस नव्हता. चौघांचं लॉगिन एकच. साहेबांची नजर थेट त्या चौघांतल्या पोरावर गेली, ज्याला सगळं ऑफिस दाढी म्हणायचं. दाढी पाच महिन्यांपूर्वी लागलेला, अजून कायम न झालेला, दोनदा चुकलेला. त्यानेही त्याच सुमारास चाचणीचा एक सर्व्हर पुसला होता आणि खिडकी बंद केली होती, म्हणजे तपासायला काही उरलं नव्हतं. हा भला माणूस लगेच म्हणाला, "माझ्याच हातून झालं असेल." साहेब म्हणाले, "मग उद्यापासून येऊ नका." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त इथे संन्यासी स्वतःच फासापाशी जाऊन उभा राहिला.

काकूंनी आपल्या खिडकीत व्हेरिएबल तपासलं. तिथे खऱ्या सर्व्हरचं नाव होतं. खिडकी बंद केली असती तर तेवढाही पुरावा उरला नसता. निवृत्तीला आठ महिने होते. बोट खिडकी बंद करायच्या बटणापर्यंत गेलं होतं, हे तरी कशाला लपवायचं? तिथेच थोडा वेळ राहिलंही.

मग त्यांनी साहेबांना बोलावलं. साहेबांनी वाचलं, दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"काकू, बंद करा ती. सव्वीस वर्षांत एकदा झालंय. तुम्हाला निरोप द्यायचाय आम्हाला, नोटीस नाही. त्याचं काय, तरुण आहे, मिळेल दुसरीकडे."

पलीकडच्या टेबलापाशी दाढी चार्जरची वायर गुंडाळून पिशवीत भरत होता.

"दाढी," काकूंनी हाक मारली, "ती पिशवी ठेव खाली. इकडे ये. इथे काय लिहिलंय ते वाच, मोठ्याने."

त्याने वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग खुर्ची ओढून काकूंच्या शेजारी बसला.

"म्हणजे मी नव्हतो," तो म्हणाला.