डिस्कला खोबरेल

गाडी थांबेचना. समोर गेटात काका उभे, हातात नारळ, आणि आमची गाडी सरळ त्यांच्याच अंगावर चाललेली.

मी दादाच्या बाजूच्या सीटवर. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, काका म्हणजे त्याचे बाबा. नुकतीच मी काकांचीच नक्कल करत होतो, नाकातून, बोट नाचवत: "आदी बिरेक, मंग रेस!" तेवढ्यात दादाने ब्रेकवर पाय दिला आणि त्याचं तोंड जे काय झालं, त्याची नक्कल मला अजून जमलेली नाही.

थोडं मागे जाऊन सांगतो. दादाने एक जुनी लाल स्पोर्ट्स कार घेतलीय, जवळजवळ माझ्याच वयाची. दोनच सीट, आणि इतकी बुटकी की उतरताना माणूस रांगतच बाहेर येतो. त्याला ती ट्रॅक डेला न्यायची होती. म्हणजे शर्यतीचा ट्रॅक एक दिवस सगळ्यांना खुला असतो, आपली गाडी न्यायची आणि पाहिजे तेवढी पळवायची. काकांना कळलं आणि घरात सुतक. "पोरगा मराया चाललाय," हेच येणाऱ्याजाणाऱ्याला. शेवटी अट पडली. आधी ब्रेक, मग रेस.

दादालाही ते पटलेलं. जुने ब्रेक ट्रॅकवर तापले की ढिले पडतात. म्हणून मोठ्या डिस्क, ट्रॅकचे पॅड, नवे पाइप, ताजं ब्रेक ऑइल, सगळं आणलं आणि सुकापूरच्या आमच्या अंगणातच बसवलं. द्रोणागिरीच्या रिकाम्या रस्त्यावर नेऊन बघितलं तर माझं नाक डॅशबोर्डला टेकलं. घरी येऊन ते मी काकांना नाकासकट करून दाखवलं. काका खूष. दादाने गाडी धुऊन अंगणात लावली, सकाळी निघायचं होतं.

आणि सकाळी हे.

"बाबा, बाजूला हो!"

काका हलेनात. त्यांना वाटलं, पोरगा नेहमीसारखी मस्करी करतोय. अंगणाला गेटकडे उतार. दादाने हँडब्रेक ओढला, तोही मेला. मग त्याने स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी गेटाशेजारच्या रेतीच्या ढिगात घुसली. वरच्या मजल्याचं काम काढलंय ते बरं झालं. काकांच्या पायापासून बंपर वीतभर लांब.

दादा रांगत उतरला, चाकाच्या फटीतून डिस्कला बोट लावलं, वास घेतला. परत घेतला. मग बोट माझ्या नाकाखाली धरलं.

खोबरेल.

"मीच लावला," काका म्हणाले. "गंज चढला व्हता रं. नवीकोरी वस्तू, एका रात्रीत तांबडी! काडीला चिंधी बांधून चारी चाकांना नीट लावला."

काकांचं निम्मं आयुष्य मिठागरात गेलं. खाऱ्या हवेत लोखंड कसं सडतं ते त्यांनी बघितलंय. आमच्या घरात तेल न प्यायलेलं लोखंड नाही. कोयता, कडी-कोयंडा, माझी सायकल, एकदा तर माझ्या कंपासपेटीतला कर्कटक.

दादा हळू आवाजात बोलला. "बाबा, धुतल्यावर तेवढा गंज येतोच. पहिल्या ब्रेकला घासून जातो. तेल नाय जात, पॅडमध्ये मुरतं."

"मंग बिरेक... मीच काढला?"

मला गप्प बसवत नाही, म्हणून म्हणालो, "काका, तेल लावलंत तर वेणी तरी घालायची." कोणी हसलं नाही. मीसुद्धा.

मग दादा म्हणाला, "तू नारळ घेऊन उभा राहिलास म्हणून मी इथं पाय दिला. गेट मोकळं असतं तर पहिला ब्रेक हायवेवरच मारला असता. शंभरला."

काका रेतीवर बसले. एकदम, कोणीतरी खाली ओढल्यासारखे. नारळ हातातच. दादाची आई आतून विचारत होती, "फोडला का?"

त्या दिवसाचा ट्रॅक बुडाला. पॅड फेकून दिले, नवे मागवले, डिस्क घासून साफ केल्या. काका गाडीच्या जवळ जायचे बंद झाले. दादाने विचारलं, "जाऊ का?" तर बघायचे दुसरीकडे. जा नाही, जाऊ नको नाही. दादा माझ्याकडे बघून म्हणाला, असा मी नाय जाणार.

रविवारी त्याने काकांना माझ्या सीटवर कोंबलं आणि द्रोणागिरीला नेलं. मी मागून बाइकवर. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मी कडेला उभा राहिलो. गाडी लांबून आली, चांगली जोरात, आणि माझ्यासमोर जमिनीला चिकटल्यासारखी थांबली.

धावत गेलो. काकांची टोपी समोरच्या काचेवर आपटून त्यांच्या पायात पडलेली. तोंड पांढरंफटक, दोन्ही हात छातीवरच्या पट्ट्याला. मी टोपी उचलून दिली. ती त्यांनी घातली नाही, मुठीत आवळून धरली.

"थांबली," ते म्हणाले. नंतर दादाकडे न बघताच, "परत कर."