गवतातून आलेला होकार

देवाला गाऱ्हाणं घालणं मी सोडून दिलं होतं. आमच्या मालवणी माणसांत गाऱ्हाणं म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एक जाणता माणूस नारळ हातात घेऊन देवासमोर उभा राहतो आणि खड्या आवाजात, आपल्या बोलीत, देवाशी बोलतो. कोण आजारी आहे, कोणाचं लग्न जमत नाही, सगळं सांगतो. आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागून बाकीची माणसं एका सुरात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ हे काम माझ्याकडे वडिलांकडून आलं. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत गणपती असो, पूजा असो, कोणाची नवी गाडी असो, मलाच बोलावणं यायचं. आणि मागून सगळ्यांत मोठ्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायची ती माझी लेक मानसी. शब्दांचा अर्थ कळायच्या आधीपासून म्हणायची. हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, खांद्यावर पेंगत असली तरी तिचा तो ‘व्हय’ कधी चुकला नाही.

मग कोरोनात माझा थोरला भाऊ आजारी पडला. तो हॉस्पिटलात आणि आम्ही घरात कोंडलेले. रोज सकाळी मी देवघरासमोर उभा राहायचो, मागे ही आणि मानसी. ‘माझ्या दादाला घरी आण’, एवढंच मागत होतो. दादा आला नाही. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही त्याचं. त्या दिवशी मी हातातला नारळ खाली ठेवला आणि म्हटलं, बस्स झालं. ज्याला ऐकूच जात नाही त्याच्यापुढे घसा कशाला फोडायचा? देवपूजा हिने चालू ठेवली. तिची आरती सुरू झाली की मी चहाचा कप घेऊन गॅलरीत जाऊन उभा राहायचो. मी मुळातच तापट, त्यात हे दुःख. घरात कोणी मला समजवायच्या फंदात पडलं नाही.

आमच्या सोसायटीच्या मागेच टेकडी आहे. दोनेक वर्षांपूर्वी पोरांनी तिथे डोंगरी सायकलींसाठी नवी वाट तयार केली. ट्रेल म्हणतात तिला. रविवारी पार बोरिवलीहून पोरं येतात. मानसी मालाडला ऑफिसात जाते, आठवडाभर संगणकासमोर बसते आणि रविवारी त्या वाटेवरून वाऱ्यासारखी खाली येते. पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा माझं डोकंच फिरलं. सुट्टा मुरूम, खाली घळ, कठडा नाही की काही नाही. त्यातून वाटेत एका जागी शेंदूर फासलेला दगड आहे. आमच्याकडे अशा देवाला जागेवाला म्हणतात, त्या जागेचा राखणदार. पोरांनी वाट काढताना त्या दगडाला हात लावला नाही, त्याला वळसा घालून वाट नेली. भावना चांगली, पण त्यामुळे नेमकं तिथे आडवं वळण आलं, आणि पलीकडून कोण येतंय ते दिसेना. दोघे-तिघे तिथे आपटलेही होते. मी मानसीला म्हटलं, ‘‘तुमचा हा देव माणसांना पाडतोय गो! राखणदार कसला?’’ ती हसली, म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही त्याच्याशी बोलत नाही ना, मग त्याच्याबद्दल तक्रार पण करू नका.’’ पोरगी माझीच, जीभ माझ्यावरच गेलेली.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती नेहमीसारखी पहाटे गेली. घरी पाहुणे यायचे होते, त्यामुळे लवकर परत येते म्हणाली होती. उन्हं वर आली तशी मी चिडायला लागलो होतो. तेवढ्यात केतनचा फोन आला. केतन आमच्याच सोसायटीतला, दोघं लहानपणापासून बरोबर. ‘‘काका, मानसी घरी कधी पोहोचली? फोन लागत नाही तिचा.’’ मी म्हटलं, ‘‘अरे, ती तुमच्याबरोबर आहे ना?’’ तेव्हा कळलं, ती वरच्या फाट्यावरून ‘मी पुढे होते’ म्हणून एकटीच निघाली होती. पोरांना वाटलं घरी गेली, आम्हाला वाटलं पोरांबरोबर आहे. मी बूट पायात सरकवले. हिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि देवासमोर जाऊन बसली.

केतन मला पायथ्याशी भेटला. बाकीची पोरं वरून शोधत खाली येत होती, आम्ही दोघं खालून वर निघालो. पावसानंतरचं गवत कमरेएवढं वाढून पिवळं पडलेलं, त्यात माणूस पडला तर दोन हातांवरून दिसणार नाही. त्या वळणापर्यंत कसाबसा चढलो आणि माझे गुडघे संपले. ‘‘काका, तुम्ही इथेच थांबा ना, मी वर बघून येतो,’’ म्हणत केतन पळाला. मी तिच्या नावाने हाका मारल्या. मानसी, मानसी करून घसा बसला. फोन लावला तर रेंज नाही. वाऱ्याने गवत हलायचं आणि दर वेळी वाटायचं, तीच असेल.

मग मी त्या दगडाकडे वळलो. भक्तीने नाही, खोटं कशाला सांगू. रागाने वळलो. याला चार शब्द सुनवावेत म्हणून तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते गाऱ्हाणं. हातात नारळ नाही, मागे माणूस नाही, पायात बूट तसेच. ‘‘बा जागेवाल्या म्हाराजा! माझी पोर ह्या डोंगरात खंय पडली आसा, ता तुकाच ठावक. माका आता काय एक सुचना नाय रे म्हाराजा!’’

आणि खालून, घळीच्या बाजूने, अगदी बारीक आवाज आला.

‘‘व्हय म्हाराजा.’’

मला वाटलं भास झाला. मी पुढचं वाक्य म्हटलं. ‘‘तुझा लेकरू तुझ्या पदरात घातलंय, आता तू बघ रे म्हाराजा!’’ पुन्हा तोच आवाज, आधीपेक्षा क्षीण. तिसऱ्या वाक्याला मात्र उत्तर आलं नाही. पण तोवर माझी आरोळी ऐकून केतन उलटा धावत आला होता. मी दाखवलेल्या दिशेने तो गवतातून घसरत खाली उतरला आणि ओरडला, ‘‘आहे! काका, आहे, श्वास चालू आहे!’’

वळणावरून ती सायकलसकट कारवीच्या झुडपांत गेली होती. हेल्मेटला मधोमध तडा. वरची पोरंही पोहोचली; ती मानसीला उचलणार एवढ्यात वरून कोणीतरी दरडावलं, ‘‘थांबा, मान हलवू नका!’’ फिरायला आलेले एक टोपीवाले गृहस्थ होते. त्यांनी पोरांकरवी वाटेवरच्या ओहळावर टाकलेली फळी काढून आणवली, तिला फळीवर घेतलं आणि अँब्युलन्सपर्यंत स्वतः तिचं डोकं दोन्ही हातांत धरून चालले. मी त्यांचं नाव विचारायचं विसरलो. नंतर कितीतरी सकाळी त्या वाटेवर त्यांना शोधलं, पुन्हा कधी दिसले नाहीत.

डोक्यात रक्त साकळलं होतं, खांद्याचं हाड मोडलं होतं. ‘‘वेळेत आणलंत,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘अजून उशीर झाला असता तर कठीण होतं.’’ मानसी शुद्धीवर आल्यावर मी तिला विचारलं, ‘‘बाय, तू ‘व्हय म्हाराजा’ म्हणालीस ते आठवतं?’’ ती म्हणाली, ‘‘बाबा, मला वळणानंतरचं काहीच आठवत नाही.’’ डॉक्टरांचं म्हणणं, लहानपणी अंगात मुरलेलं असं अर्धवट शुद्धीतही तोंडून निघतं. असेल. ते शिकलेले, मी वाद घालत नाही. मी नुसतं काय घडलं ते सांगतोय.

ट्रेल बंद करा म्हणून सोसायटीत सगळ्यांत आधी आवाज चढवला तो मीच. पोरं हात जोडून आली. म्हणाली, काका, दगड बाजूला बसवू, वळण सरळ करू, फक्त तुम्ही देवाला गाऱ्हाणं घालून विचारा. हात गळ्यात बांधलेली मानसी आतून म्हणाली, ‘‘देवाला कशाला हलवता? आपण उतरूया ना.’’ तेच ठरलं. आता त्या वळणावर प्रत्येकाने सायकलवरून उतरायचं, पायी चालत देवासमोरून जायचं. खाली जाळी लागली. एकट्याने कोणी जायचं नाही, आणि पायथ्याशी सगळे जमल्याशिवाय कोणी घरी फिरायचं नाही.

पुढच्या थंडीत मानसी पुन्हा सायकलवर बसली. मला ते आवडलं नाही, आजही आवडत नाही. पण मी नारळ घेऊन त्या वळणावर गेलो. केतन होता, बोरिवलीची पोरं होती, ज्यांना मालवणी कशाशी खातात हे माहीत नाही तीही होती. मी गाऱ्हाणं घातलं, आणि सगळे सायकली धरून ओरडले, ‘व्हय म्हाराजा!’ त्यात मानसीचा आवाज मला वेगळा ऐकू आला. आणि एकदम लक्षात आलं, इतकी वर्षं गाऱ्हाणी घातली, पण तो ‘व्हय’ देव कधीच म्हणत नाही. तो आपण म्हणायचा असतो. घरात कोंडलेल्या त्या दिवसांत मी मात्र तो देवाच्या तोंडून ऐकायला कान लावून बसलो होतो, आणि तो आला नाही म्हणून रुसलो.

पोरं पुढे गेली. मानसी सायकल हातात धरून, दगडासमोर वाकून, वळण पायी उतरली. मी तिथेच थांबलो. हळू आवाजात दादाचं नाव घेतलं. म्हटलं, ‘‘माझो दादा तू नेलंस, तो आता तुझ्याकडेच आसा रे म्हाराजा.’’ मागे उत्तर द्यायला कोणी नव्हतं. मग मीच हात जोडले आणि म्हणालो, ‘‘व्हय म्हाराजा.’’